शेठची इर्जिक

"कस्तुरे, रोपाला गाठ धरू दिऊ नगंस. गाठ धरली की ते रोप न्हवं, निस्तं गवात. मग लावलंस काय आन न लावलंस काय."

सासू विठाबाई दाढीच्या, म्हणजे भाताचं रोप वाढवायच्या वाफ्याच्या, कडेला उकिडवी बसून हे सांगायची आणि सांगता सांगता रोपाचं बूड दोन बोटांत धरून नखानं दाबून बघायची. ती जाऊन दोन पावसाळे झाले. पण आषाढ लागला की कस्तुराबाईची बोटं आपसूक त्या बुडाकडे जात. सकाळी अंघोळ करायची, तुळशीला पाणी घालायचं, महादेवाचं नाव घेऊन बेलाची पाच पानं वाहायची आणि तोंडात काही न घालता दाढीवर जायचं, असा तिचा नेम होता. रोप अजून मऊ होतं. हातभर वाढलं होतं आणि वाऱ्यानं एका अंगाला झुकत होतं.

कुसगावच्या वरच्या अंगाला ही वाडी. कस्तुराबाईची भाताची तीन खाचरं ओढ्याकडेला, एकाखाली एक. नवरा रखमाजी घाटात रेल्वेच्या गँगवर होता. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, म्हणून गँगवाल्यांची रजा बंद. ऐन आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत तो तिकडे दुसऱ्याच्या लोखंडाची राखण करत बसायचा आणि घरची चिखलणी बायकोवर पडायची. त्यात चैत्रात एक बैल पाय सुजून मेला. उरलेल्या एकानं औत कसं ओढायचं?

पण वाडीत सावड होती. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. बैल सगळ्यांचे, हात सगळ्यांचे. दत्तोबा सावडीचा म्हातारा. तो पाळी लावायचा. कस्तुराबाईची पाळी तिसरी होती.

तेवढ्यात वरच्या बंगल्याचा रस्ता वाहून गेला.

बंगला मुंबईच्या एका शेठचा. त्याची मुंबईत कापडाची गिरणी. पावसाळ्यात पाहुणे घेऊन तो ढग बघायला यायचा. त्याचा मुकादम महिपती याच वाडीतला. पायात बूट, डोक्याला फेटा, काखेत छत्री. तो चावडीपुढं उभा राहिला आणि हाताहाताला सुपारी देऊ लागला.

"सोमवारी इर्जिक हाय. शेठनी बलिवलंय. सगळ्यांनी कुदळ-घमेली घिऊन यायचं. पुरी, बुंदी, बटाट्याची भाजी. पोट फुटंस्तवर."

"इर्जिक?" दत्तोबा हसला. "शेठ कवापास्नं कुनबी झाला रं?"

"आबा, मोठ्या मानसानं मान दिला तर घ्यावा."

सुपारी हातात घेताना कस्तुराबाईनं सरळ विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. "महिपतीभाऊ, इर्जिकीला आलेल्याच्या कामाला बलिवनारानं जायाचं असतंय. माझ्याकडं येकच बैल हाय. शेठच्या दोन जोड्या बांधून असत्यात. माझ्या चिखलनीला येत्याल?"

"आल्याच म्हून समज. येत्या गुरवारी. जोड्या बी आन गडी बी."

तिनं सुपारी पदराला बांधली. वाडीत सुपारी घेतली-दिली म्हणजे बोलणं संपलं. त्यावर कागद कुणी मागत नसे.

सोमवारी वाडी रस्त्यावर लोटली. पाऊस झोडपत होता. बाया इरली पाठीवर घेऊन ओढ्यातले दगड वर पोचवत होत्या. इरल्याच्या पानांवर पाऊस तडतडत होता, मानेवरून पाणी आत पाझरत होतं. डोईवरची चुंबळ भिजून टाळूला चिकटली. शेजारच्या नंदाबाईच्या पायाच्या बोटावर दगड पडला, नख उचकटलं. तिनं त्यावर चिखल थापला आणि पुन्हा रांगेत आली.

शेठचे रोजंदार मजूरही त्यांच्यातच होते. शालूबाई आणि तिचा नवरा बजरंग, दोघं कातकरी. ओढ्यापलीकडे त्यांच्या झोपड्या. बजरंग शेठची दमणी, माणसं न्यायची हलकी बैलगाडी, हाकायचा, शालूबाई बागेच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, दगड वाहायची.

"मावशी, तुमी फुकट वाहताय तो दगड आमी रोजानं वाहतोय," शालूबाई पुढून म्हणाली. "येकच दगड. जरा सांभाळून टाका, न्हाईतर आमचा रोज पडल."

बाया हसल्या. कस्तुराबाई हसली नाही. कातकऱ्यांच्या बाईनं असं बोलावं हे तिला रुचलं नव्हतं.

दुपारी व्हरांड्याच्या खाली पंगत बसली. बुंदीच्या पराती फिरल्या. कस्तुराबाईचा सोमवार. ती कडेला बसून राहिली. पानावर वाढलेलं तिनं नंदाबाईच्या पोरांना दिलं. वर व्हरांड्यात शेठ पाहुण्यांना सांगत होता, "पैसा नहीं लेते ये लोग. बिलकुल नहीं. प्रेमानं करतात. मुंबईच्या गिरणीत युनियनवाले आहेत ना, त्यांना इथं आणून दाखवायला पाहिजे."

एक पाहुणी म्हणाली, "किती साधी माणसं!"

पुऱ्या खाताखाता दत्तोबानं वर बघितलं आणि पान पुढं सरकवलं. "वाढ रं अजून. साधी मानसं हाईत, लय खात्यात."

सावडीची पाळी बसली तेव्हा कस्तुराबाई म्हणाली, "माझी पाळी नंदाला द्या. गुरवारी शेठच्या जोड्या हाईत माझ्याकडं. सावडीला कशाला दोन डाव ताण?"

"शाणी हायस," दत्तोबा म्हणाला. त्याच्या मनात काय होतं कळलं नाही. पण नंदाबाईनं पाळी घेतली.

गुरुवारी पहाटे तिनं खाचरांचे बांध तासले, पाणी कोंडून घेतलं. गड्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि वरणाचं मडकं तयार केलं. बांधावर घोंगडीची खोळ करून बसली. धुकं चढलं, उतरलं. समोरच्या अंगाला नंदाबाईच्या खाचरात सावड उतरली होती. बैलांना हाकल्याचा आवाज, बायांची गाणी, चिखलाचा फदफद आवाज. तिच्या खाचरातलं पाणी मात्र आरशासारखं स्थिर पडून होतं.

कुणी आलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती बंगल्यावर गेली. व्हरांड्याच्या फरशीवर तिच्या पायाचे चिखलाचे ठसे उमटले. एका गड्यानं तिच्यासमोरच ते फडक्यानं पुसले आणि तिला पायरी उतरायला लावली. ती खाली पावसात उभी राहिली. वर चहाच्या कपांचा किणकिणाट होता.

महिपती धावत आला. "कस्तुरे, हितं कुटं आलीस? मागल्या दारानं यायचं."

"काल बैल आलं न्हाईत."

"अगं पाहुनं हाईत. दमनीत बसून धबधब्यावर जायाचंय त्यांना. बैलांची शिंगं रंगवलीत. चिखलात घालू व्हय?"

"सुपारी दिली हुती तुमी."

"मी दिली न्हाई. शेठनी दिली."

"मग शेठला इचारते."

आवाज ऐकून शेठ पायऱ्यांपाशी आला. त्याच्या अंगावर गरम शाल होती. महिपतीनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. शेठ हसला. वाईट माणूस हसतो तसा नाही, मूल हट्ट करतं तेव्हा बाप हसतो तसा.

"बाई, सगळ्या गावाला खाऊ घातलं. हिशोब फिटला ना?"

"मी न्हाई जेवले. माझा सोमवार हुता."

पाहुण्यांत खसखस पिकली. शेठनं खिशात हात घातला. "ठीक. बरोबर आहे. तू नाही जेवलीस, तर तुझी मजुरी घे." त्यानं पावली वाकून पायरीवर ठेवली. हातात दिली नाही. तिचा हात चिखलाचा होता.

"मजुरी न्हाई मागत, शेठ. मजुरीनं आवणाच्या दिसांत मानूस मिळत न्हाई. जो तो आपल्या खाचरात असतोय. तुमी इर्जिक म्हनलात म्हून आमी आपली खाचरं सोडून आलो. आता तुमी या. तुमी नका येऊ, बैल धाडा."

"मी?" शेठ पाहुण्यांकडे वळला. "मी चिखलात यायचं म्हणते!"

आता सगळे मोकळेपणी हसले. एक जण म्हणाला, "जा ना शेठ, व्यायाम होईल." शेठही हसता हसता आत वळला. बोलणं संपलं होतं. त्याच्या दृष्टीनं ते कधी सुरूच झालं नव्हतं.

कस्तुराबाई वळली. पावली पायरीवर तशीच राहिली. फाटकापाशी तिनं मागं बघितलं, तर महिपती ती उचलून बंडीच्या खिशात टाकत होता.

त्याच वाटेनं ती दत्तोबाकडे गेली. तो सुताराच्या खाचरातली चिखलणी आटपून घोंगडी झटकत होता.

"आबा, मला पाळी द्या."

"शेठच्या जोड्या कुटं गेल्या? शिंगं रंगवाय गेल्या?" मागून कुणीतरी म्हणालं. बाकीचे फिदीफिदी हसले. सोमवारी हेच बुंदी खात होते.

"हसा," कस्तुराबाई म्हणाली. "दगड समद्यांनीच वाहिलं."

दत्तोबानं हसणाऱ्यांवर डोळे वटारले, पण त्याचाही आवाज सुका होता. "पाळी तू सोडलीस, बाई. आता समद्यात शेवटी. माझी बैलं बी मानसंच हाईत. तुझी पाळी मध्ये घातली तर दुसऱ्याचं रोप जायाचं."

"तवर माझ्या रोपाला गाठ धरंल."

"मग मी काय करू? त्या बंगल्याच्या नादाला मी लावलं तुला?"

तो खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त लागलं. घरी जाताना ती दाढीवर थांबली. बूड दाबलं. नखाला आत किंचित टणक लागलं. अजून गाठ नव्हती. पण दोन दिवसांनी असती.

घरातला भाताचा कणगा तळाला गेला होता. हे भात पिकलं नाही तर रखमाजीच्या पगारात वाण्याकडचे तांदूळ घ्यायचे, आणि शेत असून विकत खाणाऱ्या घराला वाडीत कुणी विचारत नाही. ती देवापुढं बसली. मागणं मागायचं तिला कधी जमलं नव्हतं. नाव घेत राहिली, एवढंच.

तिन्हीसांजेला ओढ्यावर शालूबाई भेटली. दगड वाहून तिचे खांदे सोलवटले होते, त्याला तिनं कसलासा पाला चोळला होता.

"गेलतीस म्हनं शेठकडं," ती म्हणाली. "पावली टाकून आलीस. महिपतीनं तिची दारू प्याली."

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय! मला हसू आलं, मावशी. आमी रोज मागतो तवा शेठ म्हनतो, गाववाले बघा फुकट करत्यात. तुमचं नाव सांगून आमचा रोज कमी केला त्यानं. तुमच्या इर्जिकीनं आमचं पोट मारलं, म्हाईत हाय?"

कस्तुराबाई घागर बुडवता बुडवता थांबली. हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. वाडीतल्या एकानंही आणलं नव्हतं.

"मला म्हाईत न्हवतं, शाले."

"म्हाईत करून घेतलं न्हाई." शालूबाईनं डोक्याचं फडकं पिळलं. मग म्हणाली, "बजरंग बैल चरायला काढतो. उजाडायच्या आत. दुपारला पाहुण्यांना दमनी लागती. त्याच्या आत तुझं येक खाचर काय, तीनी हुतील. बैलांची शिंगं रंगवली म्हून पाय रंगीवले न्हाईत."

"शेठला कळलं तर?"

"सुपारी शेठनी दिली व्हती ना? मग बैल त्याचंच जात्याल."

कस्तुराबाईला हसू फुटलं, पण लगेच विरलं. सावडीत घेतलेला हात फेडायचा असतो. कातकऱ्यांना सावडीत कुणी घेत नसे, कारण त्यांना शेतच नव्हतं. शेत नसलेल्याला काय फेडणार?

शालूबाईनं ते ओळखलं. "माझ्या कुटल्या खाचरात येशील तू? खाचर असतं तर दगड वाहिलं असतं व्हय?"

कस्तुराबाईनं ओढ्याच्या पाण्यात हात धरला. "तू सांगशील तवा. तू सांगशील तितं. तुझ्या कामाचा येक दीस माझा."

"बघ हां. तुमी बोलता फार."

"महादेवाची आन."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धुक्यातून हिरवी-पिवळी शिंगं पुढं आली. रंगवलेल्या शिंगांना गोंडे बांधलेले, गळ्यात घुंगरं. बजरंगनं घुंगरांत गवत कोंबलं होतं, वाजू नयेत म्हणून. बैल चिखलात उतरताना बिचकले, नाकानं फुरफुरले. दमणीचे बैल ते, त्यांना गुळगुळीत वाट ठाऊक. बजरंगनं शेपटी पिळली नाही, चाबूक काढला नाही. मानेवर हात फिरवत, "चल राजा, चल, आपला बाप हितंच राबला," असं बोलत त्यानं पहिला फेर मारला. मग बैलांना आठवलं. पोटापर्यंत चिखल उडू लागला. कस्तुराबाईच्या उरल्या बैलाला शालूबाईनं आळवटीच्या फळीला जुंपलं आणि मागून चिखल सारखा करत आली.

न्याहारीला कस्तुराबाईनं भाकऱ्या आणल्या. सवयीनं सागाच्या पानावर घालून बांधावर लांब ठेवल्या आणि सवयीनंच पाणी वरून ओंजळीत ओतायला गेली. बजरंगनं ओंजळ धरली. शालूबाईनं धरली नाही. ती नुसती बघत राहिली. कस्तुराबाईनं तांब्या तिच्या हातात दिला.

तिसऱ्या खाचराचा शेवटचा फेर चालू होता, तेव्हा महिपती बांधावर आला. बंगल्यावर दमणी मागितली होती आणि गोठा रिकामा होता. त्यानं छत्री टाकली, जुवावरची चामड्याची वादी ओढली आणि बजरंगच्या तोंडावर, कानावर, पाठीवर मारत सुटला. बजरंग बैलांचा कासरा सोडत नव्हता, कारण बैल उधळले असते. म्हणून त्याला हातही वर करता येत नव्हता.

कस्तुराबाई चिखलातून उठली. हातात मूठभर रोप होतं. ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि वादी एकदा तिच्या दंडावर बसली.

"बाजूला हो कस्तुरे! तू आमच्यातली हायस म्हून सांगतो."

"तुमच्यात कवापास्नं? काल मागल्या दारानं ये म्हनला हुतात."

"चोरीचे बैल हाईत हे!"

"इर्जिकीचे हाईत. तुमच्या हातनं सुपारी घेतली मी. समद्या वाडीसमोर. आता मारायचं असंल तर मला मारा, आन मग शेठला सांगा कुनब्याच्या बायकूवर हात टाकला म्हून."

पलीकडच्या खाचरातलं गाणं थांबलं होतं. बाया कमरेवर हात ठेवून इकडं बघत होत्या. महिपतीनं त्यांच्याकडं बघितलं, वादी खाली सोडली. मग बैलांचे कासरे हिसकले.

"बजरंग, उंद्यापास्नं तू नगंस. आन शाले, तुला सांगतो, तुझा आनखी येक खाडा पडू दे, तुझ्या जागी दुसरी उभी करतो. ती झोपडी शेठच्या रानात हाय, इसरू नगं."

तो बैल घेऊन गेला. शिंगांचा रंग चिखलानं झाकला होता.

बजरंगच्या कानातून रक्त येत होतं. शालूबाई त्याला घेऊन ओढ्याकडे गेली. कस्तुराबाई एकटी राहिली. तीन खाचरं चिखलून तयार, ढीगभर रोप उपटलेलं आणि दोन हात. ती वाकली. लावत राहिली. पाणी निवळायच्या आत लावायला हवं होतं.

थोड्या वेळानं शेजारी एक हात आला. नखाला चिखल थापलेला पाय आला. नंदाबाई. तिच्यामागून आणखी तिघी-चौघी.

"तुझ्यामुळं माझी पाळी झाली ना. सरक तिकडं," नंदाबाई म्हणाली.

पलीकडून दत्तोबा ओरडत होता, "माझी खाचरं कुनी लावायची? पाळी म्हंजी काय पोरखेळ हाय?" बायांनी मान वर केली नाही. दिवस मावळायच्या आत तिसऱ्या खाचराचा शेवटचा कोपरा हिरवा झाला. कस्तुराबाईला कंबर सरळ करता येईना. बांधावर पालथी पडून तिनं नमस्कार केला आणि तशीच पडून राहिली.

दोन दिवसांनी शालूबाई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. आत आली नाही. बजरंगचा कान पिकला होता, तापानं तो बडबडत होता. लोणावळ्याच्या दवाखान्यात न्यायचं, तर डोलीत घालून न्यायला लागणार.

"उंद्या माझा खाडा पडंल," ती म्हणाली. "बदली मानूस उभं केलं तर खाडा धरत न्हाईत. आमच्यातलं कुनी मोकळं न्हाई."

नंदाबाई तिथंच तांदूळ निवडत बसली होती. तिनं कस्तुराबाईकडं बघितलं. "तू नगंस बोलू काई. कुनबीन हायस. महिपती तुला त्या व्हरांड्यासमोरनं मुद्दाम दगड वाहायला लावंल. समदे पाहुनं बघत्याल. रखमाजीला कळलं तर?"

"कळू दे."

"शेठ हसंल."

"हसू दे." मग ती शालूबाईला म्हणाली, "किती वाजता उभं ऱ्हायचं?"

"भोंग्याला. रेल्वेच्या पयल्या."

सकाळी तिनं अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, बेलाची पानं वाहिली. भाकरी फडक्यात बांधली. जुनं धडुतं पिळून चुंबळ केली आणि डोईवर ठेवून बघितली. नीट बसली. लुगड्याचा काचा वर खोवला, दंडावरचा वळ पदरानं झाकला.

दाराची कडी घालून ती अंगणात उतरली. नंदाबाई आपल्या दारात उभी होती. दत्तोबा गोठ्यापाशी शेण काढत होता, त्याचे हात थांबले. कस्तुराबाई त्यांच्या मधून, मान खाली न घालता, बंगल्याच्या चढणीला लागली. भोंगा अजून व्हायचा होता.